ल मॉर्नच्या पायथ्याशी

काझ नोयालहून शामारेलला जाणारा रस्ता चढाचा आणि वळणावळणाचा आहे. शाळेच्या मुलांना घेऊन आम्ही त्या वाटेने गेलो, तेव्हा वर पोहोचण्याआधी बस थांबवून सर्वांनी मागे वळून पाहिले. खाली निळा समुद्र आणि काठावर ल मॉर्नचा डोंगर. उंची ५५६ मीटर, कडे भिंतीसारखे सरळ.

शामारेल गावाजवळ सात रंगांची माती आहे. तांबड्या, तपकिरी, जांभळ्या उघड्या टेकड्यांवर गवताचे पातेही उगवत नाही. भोवती हिरवे रान आणि मध्येच हा वाळवंटाचा तुकडा! ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन ही माती झाली, असे आम्ही मुलांना सांगितले. तेव्हा एकाने विचारले, "मिस, इतक्या लांब, या डोंगरांत कोण राहायला आले?"

उत्तर त्याच डोंगरांत आहे. मादागास्कर, मोझांबिक आणि काही प्रमाणात हिंदुस्थानातूनही आणलेले गुलाम मळ्यांतून पळून येथे लपत. त्यांना मारून म्हणत. ल मॉर्नच्या कड्यांवर आणि गुहांत त्यांचा आसरा होता. गुलामी संपल्याची बातमी घेऊन शिपाई आले, ते पकडायलाच आले असे समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

आपल्या घरांतून मात्र आपण दुसरेच ऐकत आलो. "ते विकत आणलेले, आपण राजीखुशीने आलेले," असे आजी-आजोबा सांगत. या बोलण्यात अभिमान होता, पण पुरते सत्य नव्हते.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामी रद्द झाली. साठ हजारांहून अधिक माणसांची सुटका जाहीर झाली, पण त्यांना मळेवाल्यांकडे उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षे राबावे लागले. भरपाई मिळाली ती मालकांना. उसाला मजूर हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ गिरमिटिया पोर्ट लुईला उतरले. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे आली. मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकणातले पूर्वज त्यांतलेच.

करारावर अंगठा होता, पगार ठरलेला होता. पण एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत. करार संपलेल्यांनाही १८६७ च्या कायद्याने फोटो लावलेला पास बाळगावा लागे. पास जवळ नसला की भटक्या म्हणून अटक होई. म्हणजे मळ्याबाहेर पाऊल टाकणे हा मारूनांचा गुन्हा होता, आणि आपल्या आजोबांच्या आजोबांचाही. १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी या जाचाविरुद्ध अर्ज केला, आदोल्फ द प्लेवित्झ यांनी त्यांना साथ दिली, आणि १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग आला.

दोन्ही दुःखे सारखी होती असे आम्ही म्हणत नाही. गुलामाला करार नव्हता, परतीची वाट नव्हती, स्वतःचे नावही उरत नसे. आपल्या माणसांची नावे आणि कित्येकांचे फोटो मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील नोंदवह्यांत आजही सापडतात. म्हणूनच, ज्यांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत, त्यांची आठवण आपण अधिक ठेवली पाहिजे.

आप्रवासी घाट २००६ मध्ये आणि ल मॉर्न २००८ मध्ये जागतिक वारसा ठरला. २ नोव्हेंबरला मुलांना घाटाच्या पायऱ्या दाखवणाऱ्या पालकांना आमची एवढीच विनंती आहे: १ फेब्रुवारीला त्यांना ल मॉर्नच्या पायथ्याशीही न्या.

परतताना आम्ही मुलांना या दोन तारखा दिल्या आणि मधले दिवस मोजायला सांगितले. आमच्या वर्गात मराठी आडनावांची मुले आहेत आणि क्रिओल आडनावांचीही. एका बाकावरच्या दोघांनी बोटांवर हिशेब केला आणि एकदमच सांगितले, "एक्याण्णव, मिस!"

दोन इतिहासांमध्ये अंतर आहे ते एवढेच.