घड्याळ लावून घेतलेली परीक्षा



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या तिघी मुली नोकरीची परीक्षा देऊन आल्या. संगणकासमोर बसायचं, कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत असतं, आणि आकडे, अक्षरं, आकृत्या यांची कोडी सोडवायची. तिघींनाही बरेचसे प्रश्न वाचायलासुद्धा मिळाले नाहीत. एसटीतून उतरल्यावर एक जण म्हणाली, "काकू, आपल्याला डोकंच नाही." बी.कॉम. झालेली, बचत गटाचा हिशेब बिनचूक लिहिणारी ही पोर. तिचं ते बोलणं आमच्या मनातून जाईना. म्हणून ही परीक्षा आली कुठून आणि तिच्यात घड्याळ कुणी बसवलं, हे आम्ही शोधून वाचलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट सुरू होते १९०५ साली, पॅरिसमध्ये. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी मुलांसाठी एक चाचणी केली. शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल, हे ओळखणं एवढाच तिचा हेतू. समोर एकच मूल बसवायचं, त्याच्याशी बोलत बोलत विचारायचं. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते आणि वाढतच नाही, हे बिने यांना मुळीच मान्य नव्हतं.

मग १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लाखो जवानांची निवड करायची होती, एकेकाला समोर बसवून विचारणार कोण? रॉबर्ट यर्किस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच वेळी अनेकांना देता येईल असा पेपर काढला. प्रत्येक भागाला मोजकी मिनिटं. वेळ संपली की पेन्सिल खाली. सुमारे १७ लाख जवानांची अशी चाचणी झाली. त्यात एक प्रश्न होता, 'क्रिस्को' म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? क्रिस्को म्हणजे आपल्या डालड्यासारखं तिकडचं वनस्पती तूप. परदेशातून नुकत्याच आलेल्या माणसाला ते ठाऊक कसं असणार? पण उत्तर चुकलं की बुद्धीचे गुण कमी.

युद्ध संपलं, पण अशा चाचण्या राहिल्या आणि कारखान्यांत, कचेऱ्यांत शिरल्या. १९३०च्या दशकात एल्डन वंडरलिक यांनी नोकरभरतीसाठी एक छोटी चाचणी तयार केली. प्रश्न ५०, वेळ १२ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम १४ सेकंद. बहुतेकांचा पेपर पुरा होतच नाही, आणि तो तसाच बेतलेला असतो. आमच्या मुलींना हे आधी कुणी सांगितलं असतं, तर त्या इतक्या खचल्या नसत्या.

आता सांगतो त्या माणसांची गोष्ट, ज्यांनी या परीक्षेलाच प्रश्न विचारला. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्यूक पॉवर या कंपनीचं डॅन रिव्हर वीजकेंद्र होतं. तिथे कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजूर विभागात घेत. त्या विभागातला सगळ्यात जास्त पगारसुद्धा इतर विभागांतल्या सगळ्यात कमी पगारापेक्षा कमी होता. २ जुलै १९६५ला नोकरीत वर्णभेद करायला बंदी घालणारा कायदा लागू झाला. त्याच दिवशी कंपनीने चांगल्या विभागांतल्या नव्या भरतीसाठी दोन चाचण्या सक्तीच्या केल्या. त्यातली एक वंडरलिक. थोड्याच दिवसांत मजुरांनाही सांगितलं, हायस्कूलचा दाखला नसेल तर याच दोन चाचण्या पास व्हा, मगच वरच्या कामावर या. पास होण्याची रेषा इतकी वर, की देशातले हायस्कूल झालेले निम्मे लोकही गळावेत. गंमत अशी, की आधीपासून तिथे असलेले गोरे कामगार ही परीक्षा न देताच काम व्यवस्थित करत होते.

विली ग्रिग्ज आणि त्यांचे १२ सोबती कोर्टात गेले. खालच्या कोर्टांत पुरता न्याय मिळाला नाही. शेवटी ८ मार्च १९७१ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. परीक्षा घ्यायला बंदी नाही, पण परीक्षेमुळे एखादा समाज बाहेर राहत असेल, तर तिचा त्या कामाशी संबंध आहे हे मालकाने दाखवून दिलं पाहिजे.

आपल्याकडेही याचे धागे आहेत. बिने यांची चाचणी १९३०च्या दशकात धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतली. बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसची सुरुवात १९७५ साली झाली आणि १९८४ साली ती स्वतंत्र संस्था झाली. एक मात्र कबूल करायला हवं. सगळ्यांना एकच पेपर, ही पद्धत वशिल्यापेक्षा कितीतरी बरी. आपल्या कितीतरी मुली तिच्यामुळेच बँकेच्या खुर्चीवर बसल्या. म्हणून परीक्षेवर रागवून घरी बसायचं नाही. ती कशाची आहे ते ओळखून तयारी करायची.

बँकेच्या लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेत गणिताचे ३५ प्रश्न २० मिनिटांत येतात. एकाला ३४ सेकंद. तेव्हा आधी घड्याळाशिवाय प्रश्नांचे प्रकार समजून घ्या. पाढे, वर्ग, अपूर्णांकांचे टक्के तोंडपाठ करा. मग रोज २० मिनिटं मोबाइलचा गजर लावून एक भाग सोडवा. अर्ध्या मिनिटात प्रश्नाची वाट दिसली नाही तर पुढे जा, कारण त्या भागात सोप्या प्रश्नालाही तेवढाच गुण असतो. चुकीला पाव गुण कापतात, म्हणजे चार चुका एक बरोबर उत्तर खातात. काही परीक्षांत गुण कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नका. सूचना वाचल्याशिवाय सुरुवात नको. पेपर झाला की वहीत तीन रकाने करा. येत नव्हतं, घाईत चुकलं, वेळ पुरला नाही. आठ दिवसांत कळतं, की अडचण कुठे आहे. सरावाने गुण वाढतात, हे अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे.

आमच्या त्या तिघी आता रोज संध्याकाळी समाजमंदिरात बसतात. घरी का नाही, म्हणून आम्ही विचारलं. एक म्हणाली, "गजर लावला, की कुणीतरी चहा मागतं." तेव्हा आयांनो, सासवांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. पोरगी किंवा सून मोबाइल पुढे ठेवून वहीवर वाकलेली दिसली, तर ती २० मिनिटं तिला हाक मारू नका. चहा आपण करू.