नाताळचा चंद्रपतंग

नाताळ हा आपला शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. १४९७च्या नाताळात वास्को द गामाची जहाजं आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळून चालली होती, म्हणून त्या मुलखालाही त्याने तेच नाव दिलं. १८९३मध्ये तरुण बॅरिस्टर गांधी ज्या नाताळात उतरले, ते हेच. मला तिथे नेलं एका पतंगाने. विदर्भातल्या टसराच्या कोशांबद्दल जुन्या नोंदी शोधत होतो. रानरेशमाचा एक धागा ओढावा आणि भलताच गुंडा हाती यावा, तसं झालं. समोर आला १८४७चा एक फ्रेंच प्रवासग्रंथ. फ्रेंच मला येत नाही. शब्दकोश उशाला घेऊन महिना-दीड महिना त्याच्याशी झटापट केली.

ज्याला शास्त्रात ‘आर्जेमा मिमोसी’ म्हणतात आणि इंग्रजीत आफ्रिकेचा चंद्रपतंग, तो हा. पंख पसरले की दहा ते बारा सेंटिमीटर भरतात. रंग पिवळट हिरवा, प्रत्येक पंखावर एक डोळ्यासारखा ठिपका आणि मागच्या पंखांना लांब शेपट्या. पुढच्या पंखाची वरची कड करडी, जाडसर, लोकर चिकटवल्यासारखी. प्रौढ पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्यावर तो जेमतेम आठवडा काढतो. त्या आठवड्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्याच्या सुमारास दिव्यावर येणारा फिकट हिरवा चंद्रपतंग ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा त्याचा भाऊबंद म्हणून लगेच ओळखू येईल.

ग्रंथाचा लेखक अदुल्फ देलगॉर्ग हा उत्तर फ्रान्समधला, १८१४चा जन्म. १८३८ ते १८४४ अशी सात वर्षं तो दक्षिण आफ्रिकेत हिंडला. नाताळ, झुलूंचा प्रदेश आणि तिथून उत्तरेला मकरवृत्तापर्यंत. हा माणूस मुळात शिकारी. हत्ती, पाणघोडे, पक्षी, किडे, जे दिसेल ते मारायचं, सोलायचं, टाचायचं. त्याची पानंच्या पानं वाचताना माझं मन अनेकदा विटलं, हे सांगितलं पाहिजे. पण त्याची नजर पक्की होती. एका कबुतराला आणि एका लावा पक्ष्याला आजही त्याचं नाव आहे. १८५०मध्ये तो दुसऱ्या मोहिमेवर पश्चिम आफ्रिकेकडे निघाला आणि वाटेत जहाजावरच तापाने गेला. वय पस्तीस.

त्याने आणलेल्या फुलपाखरांची आणि पतंगांची यादी त्याच ग्रंथाच्या शेवटी छापली आहे. ती केली डॉ. ब्वादुव्हाल यांनी. हे पेशाने वैद्य आणि १८३२मध्ये स्थापन झालेल्या फ्रेंच कीटकशास्त्र मंडळाच्या संस्थापकांपैकी एक. आफ्रिकेतल्या या पतंगाला शास्त्रीय नाव मिळालं ते पॅरिसमध्ये, मेलेल्या, टाचणी टोचलेल्या नमुन्यावरून. नाव दिलं ‘मिमोसी’, म्हणजे मिमोसाचा. आपल्याकडे मिमोसा म्हणजे लाजाळू. पण त्या काळचे प्रवासी तिथल्या बाभळीसारख्या काटेरी झाडांना सरसकट मिमोसा म्हणत. आणि या पतंगाची अळी मुख्यतः जगते ती मारुला आणि तांबोटी या झाडांवर. मारुला आपल्या आंबा-काजूच्या कुळातला, तांबोटी एरंडाच्या कुळातला आणि विषारी चिकाचा. बाभळीशी दोघांचाही संबंध नाही. तरीही नाव बदलता येत नाही. प्राणिनामांच्या नियमांनुसार नाव अयोग्य आहे एवढ्या कारणाने ते रद्द होत नाही, आणि आधी दिलेलं नाव टिकतं. चूक असेल तर तिच्यासकट टिकतं.

गंमत अशी की त्याच १८४७ साली गेरँ-मेनव्हील या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकाने मादागास्करच्या याहून मोठ्या, याहून लांब शेपटीच्या पतंगाची नोंद केली. दोघे एकाच ‘आर्जेमा’ प्रजातीत बसतात हे ठरायला आणखी अकरा वर्षं गेली. ती प्रजाती १८५८मध्ये बांधली वॉलेनग्रेन या स्वीडिश धर्मोपदेशकाने. पुढे १८९५मध्ये पूर्व आफ्रिकेतली एक जात वेगळी काढली गेली. १९६९मध्ये बुलावायोच्या संग्रहालयातले एलियट पिन्ही यांनी झांबियातली आणखी एक वेगळी जात नोंदवली. म्हणजे आज या प्रजातीत ज्या चार जाती मानतात, त्यांची मोजदाद पुरी व्हायला सव्वाशे वर्षं लागली. १९७२मध्ये पिन्ही यांचं दक्षिण आणि दक्षिण-मध्य आफ्रिकेतल्या सम्राट पतंगांवरचं पुस्तक आलं. मला त्यांचं मोल जास्त वाटतं, कारण ते त्याच भूमीत राहून काम करत होते. नुसत्या पंखांवर विसंबलं की काय होतं, ते ‘मिमोसी’ या नावात दिसतंच. अळी कोणत्या झाडावर आहे आणि कोश कसा आहे, हे जागेवर जाऊनच कळतं.

कोशाचं तर वेगळंच प्रकरण आहे. या पतंगाचा कोश चंदेरी करडा, टणक आणि त्याला बारीक बारीक भोकं. पावसाचं पाणी आत साचू नये, निथळून जावं, यासाठी ती असावीत असं मानतात. झुलू आणि स्वाझी लोक असे रिकामे कोश गोळा करतात, त्यांत खडे भरतात, ओवतात आणि नाचताना घोट्याला बांधतात. आपल्या चाळांसारखे. कोश हलका, पण आवाज खणखणीत. ज्याने नाचासाठी कोश गोळा केले, त्याला ते कोणत्या झाडावर मिळतात हे ठाऊक असणारच, नाहीतर ते सापडले कसे असते? देलगॉर्गच्या ग्रंथात झुलू भाषेचा शब्दसंग्रहही जोडलेला आहे. भाषा त्याने कान देऊन ऐकली होती. म्हणजे अळी काय खाते हे कुणाला विचारणं त्याला अवघड नव्हतं. तरी यादीत उतरलं ते मिमोसाच. ती यादी आणि तो शब्दसंग्रह एकाच ग्रंथात आहेत, आणि या पतंगापुरती तरी त्यांची गाठ पडलेली नाही.

ती गाठ फार उशिरा पडली. रिचर्ड पीग्लर या अमेरिकी अभ्यासकाने जगभरच्या वस्तूंमधले कोश तपासून कोणत्या पतंगाचे ते ओळखले आणि १९९४मध्ये डेन्व्हरच्या निसर्ग संग्रहालयाच्या प्रकाशनात ते सगळं मांडलं. कलाहारी परिसरातल्या सान लोकांच्या चाळांत ‘गोनोमेटा’ नावाच्या दुसऱ्याच पतंगाचे कोश असतात, नाताळ-स्वाझीलँडकडच्या चाळांत या चंद्रपतंगाचे. कीटकशास्त्राच्या कपाटात पंख, आणि लोकजीवनाच्या दालनात त्याच पतंगाचे कोश, दोरीत ओवलेले, आत खडे असलेले.