घाट, हवा आणि चाक : बोर घाटापासून अंबरनाथच्या टँकरपर्यंत

१२ मे १८५६ रोजी ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ कंपनीचा लोहमार्ग कल्याणहून खोपोलीपर्यंत खुला झाला. आजचे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ज्या भूमीवर उभे आहेत, तिच्यातूनच तो गेला. उल्हासनगर तेव्हा अस्तित्वातच नव्हते. सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीला ते नाव मिळाले १९४९ साली. बदलापूर मात्र जुने. येथे घोडे बदलीत म्हणून हे नाव पडले, अशी लोककथा आहे. कथा खरी असो वा नसो, कोकणातून देशावर चढणाऱ्या मालाच्या वाटेवर हा पट्टा शतकानुशतके आहे आणि त्या वाटेचा खरा प्रश्न चढण्याचा कधीच नव्हता. प्रश्न उतरण्याचा होता.

२१ एप्रिल १८६३ रोजी बोर घाटाचा लोहमार्ग सुरू झाला. जेम्स बर्कले या अभियंत्याने तो आखला होता. पंचवीस बोगदे आणि सदतिसास एक असा चढ. एवढ्या उतारावर गाडी थांबवायची कशी, याचे त्या काळचे उत्तर माणसांच्या दंडात होते. ब्रेकच्या डब्यांतून बसलेले ब्रेक्समन इंजिनाच्या शिट्टीचा इशारा ऐकून हाताने चक्र फिरवीत आणि चाकावर ठोकळा दाबीत. घाटात मध्येच एक ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. तेथे गाडी आंधळ्या टोकापर्यंत जाऊन उलट्या दिशेने निघे. १८६९ च्या जानेवारीत उतरत्या मेल गाडीचे ब्रेक निकामी झाले आणि ती हे टोक ओलांडून गेली.

यानंतर घाटात ‘कॅच सायडिंग’ आले. मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारा हा फाटा. सांधा नेहमी या फाट्याकडेच वळवलेला असे. गाडी थांबली, ताब्यात आहे अशी खात्री झाली, की मगच तिला मुख्य मार्ग मिळे. न थांबलेली गाडी आपोआप चढावर जाऊन दमून थांबे. कल्पना इतकी साधी आणि इतकी पक्की, की आजही घाटाच्या रेल्वेत तिला पर्याय नाही.

योगायोग असा, की त्याच १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याने हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्याच्या पहिल्या रचनेत एक घातक उणीव होती. नळी फुटली की हवा गेली आणि हवा गेली की ब्रेकही गेला. काही वर्षांतच त्याने ही गोष्ट उलटी फिरवली. नळीत हवा भरलेली असेतो ब्रेक सुटलेला राहील. ती निसटली तर ब्रेक आपोआप लागेल. आजच्या ट्रकच्या मागच्या चाकांवरील स्प्रिंग ब्रेक याच तर्काने चालतो. टाकीतील हवा फारच उतरली की दाबून ठेवलेली स्प्रिंग मोकळी होते आणि चाक धरते. ‘हवा गेली, म्हणून गाडी सुटली’ असे चांगल्या स्थितीतील ट्रकच्या बाबतीत घडू नये ते यामुळेच.

पण ब्रेक न लागणे हा एक धोका झाला. त्याच्या नेमका उलट धोका म्हणजे ब्रेक गरजेपेक्षा अधिक लागणे.

अंबरनाथच्या मोरिवली आणि आनंदनगर, बदलापूरच्या मानकिवली औद्योगिक क्षेत्रांत रसायनांचे कारखाने आहेत. तेथील टँकर खोणी-तळोजा मार्गे कळंबोलीकडे निघतात, तेव्हा निम्मी वाट सपाट असते. मृगाची पहिली सर पडते. रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून निसरडा लेप तयार होतो. पुढे रिक्षा आडवी येते, चालक पायाखालचा ब्रेक पूर्ण दाबतो आणि चाक जाम होते. जाम झालेले चाक फिरत नाही, घसरते. आणि घसरणाऱ्या चाकाला दिशा उरत नाही. पुढची चाके जाम झाली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. मागची झाली तर पार्श्वभाग पुढे येऊ पाहतो. ट्रेलर जोडलेला असेल तर ओढणारे तोंड आणि मागचा ट्रेलर अडकित्त्यासारखे मिटतात.

रिकामा ट्रक या बाबतीत भरलेल्यापेक्षा वाईट, हे सामान्य समजुतीच्या विरुद्ध वाटेल. परंतु ब्रेक बनवलेले असतात पूर्ण भारासाठी, आणि रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांवर वजन नसते. अर्धा भरलेला टँकर तर आणखी नाठाळ: आतला द्रव पुढे धडकतो, परततो, पुन्हा धडकतो.

यावरचा पहिला यशस्वी उपाय विमानांत सापडला. १९५०च्या दशकाच्या आरंभी डनलॉप कंपनीने ‘मॅक्सारेट’ नावाचे यंत्र काढले. चाकाबरोबर फिरणारे एक छोटे जड चक्र, एवढाच त्याचा गाभा. चाक अचानक मंदावले तरी हे चक्र आपल्या वेगाने पुढे सरकत राही आणि त्या फरकानेच झडप उघडून ब्रेकचा दाब सोडला जाई. त्यात विजेचा संबंध नव्हता.

ट्रकसाठी हे काम विजेने करू पाहणारी पहिली मोठी लाट अमेरिकेत आली आणि आपटली. १९७५ साली तेथील सरकारने हवेच्या ब्रेकच्या अवजड वाहनांसाठी असे कडक नियम लावले, की अँटिलॉक जवळजवळ सक्तीचे झाले. तंत्र कच्चे होते. चालक, मालक आणि उत्पादक तिघेही तक्रारी करू लागले. १९७८ साली न्यायालयाने हा भाग रद्द केला. हेतू चांगला असूनही घाईने लादलेला नियम चांगल्या वस्तूची बदनामी कशी करतो, याचे हे ठळक उदाहरण. अमेरिकेत ती सक्ती परत यायला १९९७ साल उजाडले. मधल्या काळात, १९८१ साली, युरोपात मर्सिडीज-बेंझ आणि वॅब्को यांनी व्यावसायिक वाहनांसाठी विश्वासार्ह एबीएस बाजारात आणले होते. वॅब्को या नावात वेस्टिंगहाउसची जुनी एअर ब्रेक कंपनीच दडलेली आहे.

त्याची रीत अशी. चाकाच्या हबवर एक दातेरी कडे असते, बहुधा शंभर दात्यांचे. शेजारच्या संवेदकासमोरून दाते जात राहतात, त्यातून विजेचे ठोके उमटतात आणि संगणकाला त्या चाकाचा वेग कळतो. ब्रेक दाबताना चाक गाडीपेक्षा थोडे हळू फिरणे आवश्यकच असते. दहा ते वीस टक्के फरक असताना रबराची रस्त्यावरील पकड सर्वांत चांगली. फरक त्यापलीकडे जाऊ लागला की संगणक झडपेला आज्ञा देतो, त्या चाकाची हवा किंचित सोडतो, चाक सावरले की पुन्हा भरतो. सेकंदाला तीन ते पाच वेळा हे घडते. मोटारीत पायाला जी थरथर जाणवते ती येथे जाणवत नाही, कारण हवेच्या ब्रेकमध्ये पाय केवळ झडप उघडतो. म्हणून जुन्या चालकांची ब्रेक ‘पंप’ करण्याची सवय येथे अपायकारक ठरते. प्रत्येक दाबासरशी टाकीतली हवा मात्र खर्च होते.

भारतात हवेच्या ब्रेकचे उत्पादन चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनने १९६०च्या दशकात सुरू केले. एबीएसची सक्ती आधी धोकादायक माल नेणाऱ्या गाड्या आणि जोडट्रेलर यांना लागली. २०१५ साली नव्या अवजड ट्रक-बसनाही ती आली. अंबरनाथच्या टँकरचा क्रम अशा रीतीने इतरांच्या आधी लागला.

तरीही १८६९ चा प्रश्न एबीएसने सुटलेला नाही. बोर घाटात डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडून केवळ ब्रेकवर उतरवली तर ड्रम तापतात, लायनरची पकड विरघळते. अशा वेळी चाक जाम होतच नाही. मग अँटिलॉकने सोडायचे काय? तेथे उपयोगी पडतो तो खालचा गिअर आणि इंजिनाचा रोध. खडीवर किंवा चिखलात एबीएसची गाडी थांबायला काही वेळा अधिक अंतरही घेते. दिशा राखणे हे त्याचे पहिले काम.

ट्रेलरच्या एबीएसला तोंडाकडून येणारी एक वेगळी केबल लागते. ती लावायची राहिली तरी ट्रेलर धावतो आणि त्याचे ब्रेकही लागतात, फक्त जुन्या रीतीने. हे दाखवायला डॅशबोर्डवर पिवळा दिवा असतो. चावी फिरवल्यावर तो लागावा आणि थोड्या वेळात विझावा. तो मुळीच लागला नाही तर बल्ब गेला आहे किंवा कोणीतरी काढून ठेवला आहे.