‘धर्मप्रांत’ : शब्दाचा अर्थ आणि वापर

आपल्या नित्य बोलण्यातला ‘धर्मप्रांत’ हा शब्द ‘डायोसीज’ ह्या अर्थी योजला जातो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घराचा कारभार पाहणे असा आहे. सम्राट डायोक्लेशन (२८४-३०५) ह्याच्या राज्यव्यवस्थेत अनेक प्रांत मिळून एक डायोसीज होत असे. ख्रिस्तसभेत नेमके उलट झाले. येथे अनेक डायोसीज मिळून एक प्रांत होतो.

मराठीतील गोंधळाचे मूळ येथेच आहे. डायोसीजला ‘धर्मप्रांत’ म्हटल्यावर त्याहून मोठ्या प्रांताला वेगळे नाव उरत नाही, आणि मग ‘महाधर्मप्रांत’ म्हणजेच तो प्रांत असे अनेकांना वाटते. तसे नाही. महाधर्मप्रांत हाही एक धर्मप्रांतच, फक्त तो आर्चबिशपांचा. २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला. वसई, पुणे व नाशिक हे आजही मुंबईच्याच प्रांतात आहेत, पण मुंबई महाधर्मप्रांतात नाहीत. मुंबईच्या आर्चबिशपांकडे त्यांच्यावर देखरेखीचे काही मोजके अधिकार आहेत. कारभार ज्या त्या बिशपांचा. (महसूल खात्यातील ‘प्रांतसाहेबां’शी ह्या प्रांताचा अर्थातच संबंध नाही!)

१९८३ च्या धर्मसंहितेतील ३६९ वे कलम धर्मप्रांताची व्याख्या करताना भूमीचा उल्लेखही करीत नाही. धर्मगुरूंच्या सहकार्याने ज्याचा सांभाळ करावा म्हणून बिशपांकडे सोपविलेला देवाच्या प्रजेचा भाग, तो धर्मप्रांत. सीमा येते ती ३७२ व्या कलमात, आणि तीही ‘सामान्यतः’ ह्या शब्दासह. म्हणूनच लॅटिन विधीच्या धर्मप्रांतांच्या क्षेत्रातच १९८८ मध्ये सिरो-मलबार विधीच्या श्रद्धावंतांसाठी कल्याणचा धर्मप्रांत स्थापन होऊ शकला. ‘धर्मप्रांताने ठरविले’ असे म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर बिशप हाऊसच तेवढे उभे राहते, हे ह्या व्याख्येला धरून नाही.

मुंबईहून नालासोपारा-विरारला राहावयास आलेली कुटुंबे पुष्कळदा ‘आमचा धर्मग्राम बांद्र्याचा’ असे वर्षानुवर्षे सांगत राहतात. जिव्हाळा समजण्यासारखा आहे. परंतु कायम राहण्याच्या इराद्याने घर केले की त्याच दिवसापासून नवा धर्मग्राम व नवा धर्मप्रांत आपला होतो. इरादा नसला तरी पूर्ण पाच वर्षांच्या वास्तव्याने होतोच. विवाहाच्या तयारीला लागताना हे ध्यानात असलेले बरे, कारण पहिली चौकशी नव्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंकडे करावयाची असते.