सीमाभागातील भाषेचा नकाशा: गाव, बिंदू आणि घनता

बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी या पट्ट्यात मराठी कोठे विरळ होत जाते आणि कन्नड कोठे दाट होत जाते, या प्रश्नाचा राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. त्याच प्रश्नाला मोजणीचा आणि नकाशे रेखाटण्याच्या पद्धतींचा जो इतिहास आहे, त्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. भाषकांची संख्या कोणत्या घटकात मोजायची, जिल्ह्यात, तालुक्यात की गावात, या निर्णयावर सीमाप्रश्नातील बहुतेक युक्तिवाद उभे आहेत. हा निर्णय वरकरणी तांत्रिक वाटला, तरी मुलांची शाळा, जमिनीचे दाखले आणि न्यायालयातील कागद कोणत्या भाषेत असावेत हे त्यावरून ठरत गेले, म्हणून त्याचा इतिहास समजून घेणे अगत्याचे आहे.

मोजणीचा सर्वांत लहान घटक म्हणून जे गाव वापरले गेले, त्याच्या हद्दी भाषेसाठी आखलेल्या नव्हत्या. मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या जमीन मोजणी पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले, आणि त्यांतून निश्चित झालेल्या गावच्या शिवा शेतसाऱ्याच्या सोयीच्या होत्या. या चौकटीत पुढे जनगणनेने माणसे मोजली. १८८१ च्या जनगणनेत मातृभाषा विचारली गेली, १९०१ मध्ये सामान्यतः वापरली जाणारी भाषा विचारली गेली, आणि १९५१ मध्ये पुन्हा मातृभाषा विचारली गेली. ज्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलल्या जातात, त्या घराची नोंद प्रश्नाचा शब्द बदलताच बदलू शकते, ही गोष्ट पुढील सर्व आकडे वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ साली आणि द्राविडी भाषांचा समावेश असलेला चौथा खंड १९०६ साली निघाला. अशा सर्वेक्षणाच्या नकाशात एका भाषेचे क्षेत्र दुसरीच्या क्षेत्रापासून रेषेने वेगळे दाखवावे लागते, परंतु नकाशावरील भाषिक सीमा हा मूलतः अनिश्चित असलेली स्थिती निश्चितपणे दाखवण्याचा केवळ एक संकेत असतो, असे ग्रिअर्सन यांनीच सर्वेक्षणाच्या प्रास्ताविक खंडात बजावून ठेवले होते. पुढच्या राजकारणाने नकाशा उचलला आणि हा इशारा मागे राहिला.

१९५३ मध्ये नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाने, म्हणजे फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या आयोगाने, सप्टेंबर १९५५ च्या अहवालात प्रशासकीय सोयीसाठी सामान्यतः जिल्हा हा घटक धरला. त्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून संपूर्ण बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. यावर आक्षेप घेताना महाराष्ट्राने जे सूत्र धरले, ते आंध्र आणि मद्रास यांच्यातील वाद मिटवताना हरिभाऊ पाटसकरांनी वापरले होते: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या; त्याला लोकेच्छेची जोड देण्यात आली. मुंबई सरकारने १९५७ मध्ये केंद्राकडे निवेदन दिले, ८१४ गावांची मागणी त्यातून रूढ झाली आणि पुढे ती ८६५ वर गेली. तीच माणसे आणि तीच घरे, तरीही जिल्हा मोजला की एक उत्तर आणि गाव मोजले की दुसरे उत्तर निघत होते. भूगोलात या अडचणीला एककबदलाची समस्या म्हणता येईल: आकडे ज्या क्षेत्रांत गोळा केले, त्या क्षेत्रांचा आकार किंवा हद्द बदलली की निष्कर्षही बदलतो. गेहल्के आणि बील यांनी १९३४ मध्ये तिच्याकडे लक्ष वेधले होते आणि स्टॅन ओपनशॉ यांनी पुढे तिचा सविस्तर अभ्यास केला.

प्रत्येक क्षेत्र त्यातील प्रमाणानुसार एकसारखे रंगवण्याची रीत फ्रान्समध्ये चार्ल्स द्युपॅं यांनी १८२६ मध्ये वापरली, आणि १८३० मध्ये फ्रेर द मॉंतिझॉं यांनी एका ठिपक्याला दहा हजार माणसे असे धरून लोकसंख्येचा बिंदुनकाशा काढला. रंगवलेल्या क्षेत्रात सर्व लोक समान पसरले आहेत असा भास होतो, तर बिंदू माणसे जेथे आहेत तेथे बसतो. खानापूरच्या पश्चिमेकडील कणकुंबीसारख्या जंगलपट्ट्यातील विरळ वस्ती आणि बेळगाव शहराची दाटी यांतील फरक रंगात हरवतो, बिंदूंत दिसतो. परंतु हजारो बिंदू एकमेकांवर पडू लागले की डोळ्याला घनता मोजता येत नाही, आणि तेथे संख्याशास्त्राची गरज लागते.

त्यासाठीची पद्धत मरे रोझेनब्लाट यांनी मांडली ती १९५६ सालीच, ज्या वर्षी बेळगावची हद्द बदलली त्याच वर्षी; १९६२ मध्ये इमॅन्युएल पार्झेन यांनी तिला पुढे नेले. तिला कर्नेल घनता अनुमान म्हणतात. प्रत्येक बिंदूवर मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असा एक लहान उंचवटा ठेवायचा, त्या ठिकाणी जितके भाषक असतील तितके वजन त्याला द्यायचे, आणि सर्व उंचवट्यांची बेरीज करून सलग पृष्ठभाग मिळवायचा. ऑकलंड येथे रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेल्या ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेत आज हे काम काही ओळींत होते. मात्र अक्षांश आणि रेखांश जसेच्या तसे वापरून चालत नाही; बेळगावच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०७ किलोमीटर भरतो आणि अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, म्हणून बिंदू आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपावर न्यावे लागतात. शिवाय केवळ मराठी भाषकांची घनता काढली, तर नकाशात शहरेच उठून दिसतात. मराठी भाषकांची घनता आणि एकूण लोकसंख्येची घनता एकाच मापाने काढून पहिलीला दुसरीने भागले, तरच स्थानिक प्रमाण कळते, आणि विरळ वस्तीत तेही डळमळीत असते.

या पद्धतीतील सर्वांत मोठा निर्णय उंचवट्याच्या पसाऱ्याचा, ज्याला बँडविड्थ म्हणतात. ती एखाद-दोन किलोमीटर ठेवली, तर येळ्ळूर, उचगाव, कडोली अशी गावे वेगवेगळी बेटे म्हणून उभी राहतात. ती वीस किलोमीटर ठेवली, तर शहराचे वजन आसपासची खेडी गिळून टाकते. सीमाप्रश्नाच्या जुन्या वादाकडे या दृष्टीने पाहिले, तर खेडे हा घटक धरणे म्हणजे जवळजवळ शून्य बँडविड्थ निवडणे, जिल्हा धरणे म्हणजे अतिशय मोठी बँडविड्थ निवडणे, आणि पाटसकर सूत्रातील सलगतेची अट म्हणजे शेजारच्या गावांचा विचार करायला लावणारे मर्यादित मिश्रण. संगणकाने घटकाचा प्रश्न सोडवला असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. त्याने तो एका आकड्यात उघड केला, आणि उघड झालेला आकडा बदलून पाहता येतो, हा त्याचा खरा उपयोग आहे.

दुसरी अडचण या प्रदेशात विशेष गंभीर आहे. अभ्यासक्षेत्राच्या कडेजवळ घनता खोटी कमी दिसते, कारण कडेपलीकडचे बिंदू मोजलेलेच नसतात. ‘स्पॅटस्टॅट’सारख्या संचात यासाठी कडेची दुरुस्ती असते, पण ती पलीकडच्या माहितीची जागा घेऊ शकत नाही. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर शिनोळी येथे महाराष्ट्राची हद्द लागते, आणि निपाणीच्या उत्तरेस कागल तालुका आहे. केवळ कर्नाटकातील गावांचे बिंदू घेऊन नकाशा काढला, तर चंदगड, गडहिंग्लज आणि कागलकडील मराठी वस्ती गणितातून वगळली जाते, हद्दीजवळचे सीमाभागातील मराठी भाषक एकूण समूहाचा तुटका तुकडा दिसू लागतात, आणि १९५६ ची रेषा जणू नैसर्गिक असल्यासारखी नकाशात परत उमटते. उलट, फक्त महाराष्ट्राच्या बाजूची माहिती जोडून गोकाक, सौंदत्ती आणि बैलहोंगल या पूर्वेकडील कन्नड प्रदेशाची माहिती सोडणे तितकेच अप्रामाणिक ठरते.

ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमलेल्या मेहेरचंद महाजन आयोगाने १९६७ मध्ये दिलेला अहवाल या कसोटीवर वाचण्याजोगा आहे. आयोगाने निपाणी, खानापूर आणि नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे सुचवले, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवले. शहर तीन बाजूंनी कन्नड प्रदेशाने वेढलेले आहे, हा त्यामागील एक आधार होता. अहवाल महाराष्ट्राने फेटाळला, आणि अ. र. अंतुले यांनी १९६८ मध्ये त्याची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले. ‘वेढलेले’ हे विधान मुळात घनतेविषयीचे आहे, आणि ते किती किलोमीटरच्या परिघात तपासायचे हे ठरवल्याखेरीज ते खरे की खोटे सांगता येत नाही: शहरालगतच्या गावांपुरते पाहिले तर एक चित्र दिसते, घटप्रभा आणि मलप्रभेच्या खोऱ्यांपर्यंत पाहिले तर दुसरे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांच्या मागणीचा ठराव केला. या सर्व काळात दोन्ही बाजूंनी गावांच्या याद्या पुढे आल्या. एकच गाववार माहिती, हद्दीच्या दोन्ही अंगांची गावे धरून, दोन, पाच, दहा आणि वीस किलोमीटरच्या बँडविड्थवर शेजारी शेजारी मांडली, तर कोणती गावे चारही नकाशांत एकाच बाजूला राहतात आणि कोणती केवळ मापाबरोबर बाजू बदलतात, हे कोणत्याही वाचकाला तपासून पाहता येईल.