शिला कोणाची ?

रोमन साम्राज्याच्या प्रांतांतील स्मारकशिलांवर मृतांचीं वयें कोरलेलीं असतात. त्यांवरून तत्कालीन आयुर्मान काढण्याचा मोह पंडितांस होत असे. परंतु अर्भकांसाठीं शिला क्वचितच उभारीत. त्या शिला प्रघात दाखवितात, आयुर्मान नव्हे, असें १९६६ सालीं कीथ हॉपकिन्स यांनीं प्रतिपादिलें. १९८४ सालीं रिचर्ड सॅलर व ब्रेंट शॉ यांनीं निराळाच प्रश्न घेतला : शिला उभारली कोणीं ? पश्चिमेकडील प्रांतांतील सहस्रावधि लेख तपासतां, नागरिकांत हें कार्य बहुधा पतिपत्नी, आईबाप वा मुलें करीत, असें त्यांस आढळलें.

या प्रश्नाचें मर्म आम्हांस एका शिलेंत दिसतें. ती इंग्लंडांत टाईन नदीच्या मुखाशीं, साउथ शील्ड्स येथें १८७८ सालीं सांपडली. रेजिना ही कॅटुव्हेलॉनी या ब्रिटिश जमातीची. सीरियांतील पाल्मायराच्या बाराटीसची प्रथम दासी, मग मुक्त होऊन पत्नी. तिसाव्या वर्षीं वारली. शिल्पांत ती वेताच्या खुर्चीवर, मांडीवर चाती घेऊन बसली आहे. लॅटिन लेखांत ती मुक्त दासी व पत्नी. खालीं पाल्मायराच्या भाषेंत ती केवळ बाराटीसची मुक्त दासी, आणि अखेर शोकाचा एक उद्गार.

शिलेवर भाषा दोन. पैकीं रेजिनाच्या जमातीची एकही नाहीं. बाराटीसचा शोक खरा मानण्यास आमची हरकत नाहीं. पण तिच्या मनाची साक्ष म्हणून ही शिला पुढें करणें न्याय्य नव्हे.