अक्षरे वाचवणारे हात : मल्याळम लिपी, मुक्त सॉफ्टवेअर आणि एक जुना वक्र

मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास बहुधा प्रोग्रामरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. भारतात मात्र त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण अक्षरे रेखाटणाऱ्यांनी लिहिले आहे, आणि ते केरळात घडले.

१९७१ मध्ये केरळ सरकारने मल्याळम लिपीत सुधारणा केली. टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळांवर आणि छापखान्याच्या खिळ्यांत लिपी बसावी, हा तिचा हेतू होता. त्यासाठी अनेक जोडाक्षरे मोडली गेली. व्यंजनाशी एकजीव होणारी उकाराची रूपे तोडून त्यांची स्वतंत्र चिन्हे झाली. अक्षररूपांची संख्या खूपच कमी झाली. यंत्राची मर्यादा लिपीने स्वीकारली. पुढे यंत्र बदलले, पण तोडलेली अक्षरे परतली नाहीत. संगणक आला तरी पाठ्यपुस्तकांतली लिपी टंकलेखन यंत्राच्याच मापाची राहिली.

१९९९ मध्ये आर. चित्रजकुमार यांच्या पुढाकाराने 'रचना' ही चळवळ सुरू झाली. मूळ लिपीतील सर्व रूपे संगणकावर आणणे हे तिचे ध्येय होते. के. एच. हुसेन यांनी ती शेकडो रूपे एकेक करून रेखाटली. तेव्हाच्या आठ बिटांच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ जागा असत, त्यामुळे एवढी अक्षरे एका फॉन्टमध्ये मावणे अशक्य होते. युनिकोड आणि ओपनटाइप या तंत्रांनी हा अडसर दूर केला. मजकूर केवळ मूळ वर्णांच्या संकेतांत साठवायचा आणि कोणते जोडाक्षर कोठे उमटवायचे याचे नियम फॉन्टने सांभाळायचे, अशी ती विभागणी होती.

२००२ मध्ये कालिकत येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातील बैजू एम. यांनी 'स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग' हा मुक्त सॉफ्टवेअर समूह सुरू केला. 'रचना' आणि 'मीरा' हे हुसेन यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली आले आणि या समूहाने त्यांची देखभाल केली. इथे परवान्याचे महत्त्व लक्षात येते. बंदिस्त फॉन्टमध्ये एखादे जोडाक्षर चुकीचे उमटले, तर वाचकाने कंपनीची वाट पाहायची. मुक्त फॉन्टमधील चूक कोणीही दाखवावी, कोणीही दुरुस्त करावी आणि ती दुरुस्ती सर्वांना मिळावी. रेखाटनकार आणि प्रोग्रामर एकाच फाइलवर काम करू लागले.

२०१६ मध्ये याच समूहाने 'मंजरी' हा फॉन्ट प्रसिद्ध केला. त्याचे रेखाटन संतोष तोट्टिंगल यांचे. मल्याळम अक्षरे वाटोळी, आणि वळण कोठे खटकते ते डोळ्याला लगेच कळते. म्हणून 'मंजरी'चे वक्र सर्पिलाच्या तुकड्यांनी बांधले गेले. त्यामागे राफ लेव्हियन यांचे संशोधन होते. त्यांनी २००९ मध्ये बर्कले येथे याच विषयावर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला होता. त्या संशोधनाच्या केंद्रस्थानी असलेल्या ऑयलर सर्पिलात वक्रता लांबीच्या प्रमाणात वाढत जाते. हा वक्र जाकोब बर्नुली यांनी १६९४ मध्ये लवचीक पट्टीच्या प्रश्नात मांडला, ऑयलर यांनी १७४४ मध्ये त्याचा अभ्यास केला, पुढे फ्रेनेल यांच्या प्रकाश-विवर्तनाच्या गणितात तो पुन्हा भेटला. रेल्वेचे रूळ सरळ मार्गावरून वळणावर नेतानाही त्याचा उपयोग होतो. डब्याला धक्का न देणारे वळण आणि डोळ्याला न खटकणारे अक्षर यांचे गणित असे एकाच कुळातले आहे.

हा प्रश्न केवळ मल्याळमचा नाही. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. या दोहोंतला भेद एका छोट्या रफारावर उभा आहे. तो फॉन्टमध्ये नीट उमटला नाही तर शब्दच बदलतो. मुंबईच्या 'एक टाइप' या समूहाने 'मुक्ता'सारखे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले आहेत, त्यामागेही असेच बारकाव्याचे काम आहे.

२०२२ मध्ये केरळ सरकारने जुन्या लिपीतील काही रूपे पाठ्यपुस्तकांत परत आणण्याचा निर्णय घेतला. यंत्रासाठी तोडलेली अक्षरे पन्नास वर्षांनी शाळेकडे परत निघाली. परंतु निर्णय होण्याच्या कितीतरी आधी ती अक्षरे संगणकावर सिद्ध होती, कारण काही जणांनी ती एकेक करून रेखाटली आणि सर्वांसाठी खुली ठेवली.